लेकीच्या नावातला शेवटचा दीर्घ स्वर

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत मराठीने एका मात्रेचे अंतर राखले आहे. पहिले काम बाराव्या दिवशी उरकते. दुसरे जन्मभर चालते. मुलीसाठी नाव शोधणारे आईबाप हल्ली इतके सावध का असतात, याचे कारण बहुधा त्या मात्रेतच असावे. नाव जुनाट नको, पण उथळही नको. उच्चारायला सोपे हवे, पण शेजारच्या चार घरांत नसावे. ऐकताच त्यातून घराणे, संस्कार आणि गोडवा जाणवावा. या सगळ्या अपेक्षांना आता एकच विशेषण सापडले आहे, ते म्हणजे 'अभिजात'. मोबाइलवरच्या याद्यांत अभिजात नावांचा वेगळा विभाग असतो, आणि प्रत्येक नावापुढे एका ओळीचा अर्थ. नाव कोणी धारण केले होते, कोणत्या मुलखात ते रुळले, कोणाच्या तोंडी ते कसे वळले, याचा तेथे पत्ता नसतो.

आम्ही हा विचार मांडतो आहोत तो तलमडुगु मंडलाच्या निमित्ताने. आदिलाबाद शहराच्या पश्चिमेला हे मंडल, आणि त्याच्याही पश्चिमेला महाराष्ट्राचा किनवट तालुका. येथल्या अनेक घरांत मराठी बोलली जाते, बाजारात तेलुगू चालते, कचेरीत तेलुगू आणि इंग्रजी, आणि गोंडगुड्यांत गोंडी. गावाच्या नावातला 'मडुगु' हा तेलुगू शब्द असून त्याचा अर्थ डोह. मराठी शुद्धलेखनाच्या नियमाने शेवटचा उकार दीर्घ व्हायला हवा. आम्ही तो मुद्दाम ऱ्हस्व ठेवला आहे. ज्या भाषेचे नाव, त्या भाषेचा त्यावर पहिला हक्क, असे आमचे मत आहे. हाच न्याय येथल्या मराठी लेकींच्या नावांना मिळतो का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

'अभिजात' या शब्दापासूनच आरंभ करू. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जे पुरावे मांडले, त्यांत जुन्नरजवळच्या नाणेघाटातील ब्राह्मी शिलालेखाचे स्थान फार वरचे. हा लेख एका स्त्रीशी निगडित आहे. सातवाहन राजा सातकर्णी याची ही राणी. तिने यज्ञ केले, दाने दिली, आणि त्यांची मोजदाद दगडावर कोरली गेली. त्याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींचे पुतळे होते. आज त्यांच्या पायांचे तेवढे अवशेष उरले आहेत. माथ्यावर कोरलेली नावे मात्र वाचता येतात. त्यांत या राणीचे नाव 'नायनिका' असे आहे. पाठ्यपुस्तके तिला 'नागनिका' म्हणतात, कारण प्राकृतात दोन स्वरांमधला 'ग' गळून 'नाग'चे 'नाय' झाले असे विद्वान मानतात. म्हणजे ज्या भाषेच्या अभिजातपणाचा दाखला आपण मिरवतो, तिच्या आरंभीच्या पुराव्यांत एका बाईचे नाव कोरलेले आहे.

गंमत अशी की आजच्या याद्यांत 'नयनिका' हे नाव असते आणि त्यापुढे 'सुंदर डोळ्यांची' असा अर्थ दिलेला असतो. अर्थ चुकीचा नाही, कारण ते नाव 'नयन'पासून घडले आहे. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या नायनिकेच्या नावात डोळा नव्हता, नाग होता. नागाच्या नावाची मुलगी आज कोणाला अभिजात वाटेल का, याबद्दल आम्हांस शंका आहे. इतिहासाला मात्र ती कधीच अडचण वाटली नाही. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता ही चंद्रगुप्त दुसरा याची कन्या. तिच्या ताम्रपटात आईचे नाव 'कुबेरनागा' असे असून ती नागकुळात जन्मल्याचे म्हटले आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या परिवारात ज्यांना 'बाइसा' म्हणत, त्यांचे मूळ नाव नागुबाई. आणि आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्ली मंडलातील केस्लापूरला, पुष्य अमावस्येस मेसराम कुळाचे गोंड नागोबाची जत्रा भरवतात. नागूबाई, नागाबाई ही नावे या पट्ट्यात आजीच्या पिढीपर्यंत सहज आढळत. नाणेघाटातील राणीपासून केस्लापूरच्या जत्रेला आलेल्या म्हातारीपर्यंत एकच धातू वाहत आला आहे. राणीचे ते अभिजात आणि म्हातारीचे ते गावंढळ, असा भेद करणारे आपण कोण?

प्रभावतीगुप्तेविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पुणे आणि रिद्धपूर येथील ताम्रपटांत ती स्वतःचे गोत्र 'धारण' असे सांगते. ते तिच्या माहेरचे गोत्र. सासरच्या वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. पाचव्या शतकाच्या आरंभी, लहान मुलांच्या वतीने राज्य चालवणाऱ्या या विधवेने लग्नानंतरही माहेरची ओळख राजपत्रावर कोरून ठेवली. रिद्धपूर आमच्यापासून फार लांब नाही. विदर्भातल्या अमरावती जिल्ह्यातले हे गाव. तेथेच पुढे महानुभावांचे मराठी वाङ्मय बहरले.

मुलीचे नाव कसे असावे याचे नियमही फार जुने आहेत. पारस्कर गृह्यसूत्र सांगते की मुलीच्या नावात अक्षरे विषम असावीत आणि नाव आकारान्त असावे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात अपेक्षा अधिक तपशिलाने येतात. नाव सुखाने उच्चारता यावे, त्यात क्रूरपणा नसावा, अर्थ स्पष्ट असावा, ते मनोहर आणि मंगल असावे, शेवटी दीर्घ वर्ण असावा, आणि त्यात आशीर्वादाचा भाव असावा. आजच्या एखाद्या आईला विचारले तर तीही जवळजवळ हीच यादी सांगेल. फक्त 'मनूने सांगितले' असे म्हणणार नाही. त्याच ग्रंथात, त्याच प्रकरणात, शूद्राचे नाव तिरस्कार वाटेल असे असावे, असेही वचन आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला. त्या कृतीमागे जी अनेक कारणे होती त्यांत माणसाच्या नावावर जन्मतःच मारलेला हा शिक्काही धरायला हवा.

तिसऱ्या अध्यायात तर मनू स्वतःच्याच देशातल्या निम्म्या मुली बाद करतो. नक्षत्राचे, वृक्षाचे, नदीचे, पर्वताचे, पक्ष्याचे, सर्पाचे नाव असलेली मुलगी लग्नासाठी निवडू नये, असे तेथे म्हटले आहे. महाराष्ट्राने आणि तेलंगणाने हे वचन कधी मनावर घेतले नाही. गोदावरी, यमुना, भागीरथी, कृष्णा, कावेरी, नर्मदा, तुंगा, रोहिणी, रेवती, चित्रा, तुळसा, चंपा, मैना, साळू: आपल्या पणज्यांची यादी काढली तर मनूच्या निषिद्ध कोष्टकाबाहेर फार थोड्या सापडतील. गोदावरी ज्या मुलखाला पाणी देते त्या मुलखाने लेकीला गोदावरी म्हटले नाही तर कोणाला म्हणावे? नाशिकच्या लेण्यात जिचा लेख आहे ती गौतमी बलश्री, गौतमीपुत्र सातकर्णीची आई. तिच्या नावातला 'गौतमी' हा शब्द गोत्राचा आहे, पण आंध्रापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत तो गोदावरीचाही पर्याय आहे.

तरीही एकोणिसाव्या शतकातील काही नामवंत स्त्रियांची नावे शेजारी ठेवली की मन थबकते. कल्याणची यमुना लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली आणि 1886 मध्ये अमेरिकेतून डॉक्टर होऊन निघाली. कुर्लेकरांची यमुना रानड्यांच्या घरी रमाबाई झाली. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदू, तिने 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई झाली. गोखल्यांची मनकर्णिका टिळकांकडे येऊन लक्ष्मीबाई झाली आणि तिने 'स्मृतिचित्रे' लिहिली. झाशीची राणीही आधी मणिकर्णिकाच. दोन यमुना, एक गोदा आणि काशीच्या घाटावरच्या दोन मणिकर्णिका. साऱ्या पाण्याच्या मुली, आणि सासरच्या उंबऱ्यावर सगळ्यांचे पाणी आटले. यामागे मनूचे वचन होते असा आमचा दावा नाही; लग्नात तांदळांवर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिण्याची रीत पुरेशी होती, आणि ती सगळ्या नावांना सारखीच लागू होती. पण एवढे खरे की आज आपण 'अभिजात' म्हणून जी नावे आठवतो, त्यांतली कितीतरी बापाने वा आत्याने ठेवलेली नाहीत, नवऱ्याने दिलेली आहेत. बारशाच्या दिवशी पाळण्याखालून वरून बाळ देतघेत, कानात कुर्र करून आत्याने जे नाव सांगितले, ते आठ-दहा वर्षांत मिटून जाई. रानड्यांची रमा सर्वांना ठाऊक आहे; देवराष्ट्रे गावची यमुना शोधावी लागते.

धोंडो केशव कर्व्यांच्या नावावरून एक सांगायचे राहिले. धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावे केवळ खालच्या मानलेल्या जातींची नव्हती. आधीची मुले दगावली की दृष्ट लागू नये, मृत्यूला हे मूल फुकाचे वाटावे, म्हणून सुखवस्तू घरेही अशी नावे ठेवीत. धोंडी, दगडी, भिकी या मुलींच्या नावांमागेही कधी अशी माया होती, कधी नुसता तिरस्कार. या दोहोंत फरक कसा करायचा? आमच्या मते एकच कसोटी: मूल जगल्यावर, मोठे झाल्यावर, नाव उच्चारताना घरच्यांचा स्वर कसा होता? 'नकोशी' या नावाबाबत मात्र कसोटीची गरज नाही. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 मुलींची नावे सरकारी समारंभात बदलण्यात आली. त्या सर्वांचे नाव नकोशी किंवा नकुसा असेच होते. त्या मुलींनी स्वतः नवी नावे निवडली, तेव्हा ऐश्वर्या, वैशाली अशी नावे पुढे आली. याद्या तयार करणाऱ्यांनी ती नावे अभिजात की लोकप्रिय हे ठरवत बसावे. त्या दिवशी त्या मुलींना पहिल्यांदा नाव मिळाले.

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे. तलमडुगुच्या मराठी घरांतील जुन्या स्त्रीनावांचा मोठा झरा माहूरला आहे. किनवटाच्या पलीकडे माहूरगड, तेथे एका डोंगरावर रेणुका, दुसऱ्यावर दत्त आणि तिसऱ्यावर अनसूया. कुलदैवत म्हणून या डोंगरांची वाट धरणारी कुटुंबे सीमेच्या दोन्ही अंगांना आहेत, आणि म्हणून रेणुका व अनसूया ही नावेही दोन्ही अंगांना आहेत. कोणी पुराणातून ती शोधून काढली नाहीत. नवस फेडून उतरताना ती पायथ्याशी हाती आली. बोलताना अनसूयेची 'अनुसया' आणि पुढे 'अनुसाबाई' झाली. पारस्कराच्या विषम अक्षरांच्या नियमात 'अनसूया' बसत नाही, कारण तिची अक्षरे चार. 'रेणुका' मात्र बिनचूक बसते. माहूरच्या डोंगराला याचे सोयरसुतक नाही.

त्याच माहूरची देशमुखीण सावित्रीबाई. मोगलांच्या बाजूने तिने तलवार गाजवली आणि 'रायबागन', म्हणजे राजवाघीण, हा किताब मिळवला. 1661 मध्ये उंबरखिंडीत कारतलबखान कोंडला गेला तेव्हा ती त्याच्या सैन्यात होती. मराठी मनाला ही आठवण थोडी अवघड जाते, म्हणून तिचे नाव आपण सहसा घेत नाही. पण सावित्री या नावाचा इतिहास पाहायचा तर यमाशी वाद घालणाऱ्या सावित्रीनंतर रायबागन आणि तिच्यानंतर 1831 मध्ये नायगावात जन्मलेली सावित्रीबाई फुले, असा क्रम लावावा लागतो. तेलुगू घरात 'सावित्री' म्हटले की आधी 'मायाबाजार'मधली अभिनेत्री आठवते. अलीकडे, 2025 पासून, तेलंगण सरकारने 3 जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिवस महिला शिक्षक दिन म्हणून साजरा करण्यास प्रारंभ केला. तेव्हापासून आमच्याकडील तेलुगू माध्यमाच्या वर्गांतही त्या नावाला दुसरा चेहरा मिळाला आहे. एखादे नाव जुने असल्याने अभिजात ठरत नाही. प्रत्येक पिढीने त्यात आपले माणूस ओळखावे लागते.

या पट्ट्यातील 'बाई' या प्रत्ययाविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. 'लीळाचरित्र' शके 1200 च्या सुमारास सिद्ध झाले. त्यातील स्त्रिया महदाइसा, आबाइसा, उमाइसा, एकाइसा, देमाइसा अशा नावांनी येतात. 'आई' आणि आदराचा 'सा' यांची ही जोड. महदाइसा ही मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. तिच्या नावातला आदर तिला राजघराण्याने दिलेला नव्हता, प्रश्न विचारण्याच्या तिच्या चिकाटीने मिळवलेला होता. पुढे मुक्ताबाई, जनाबाई, सोयराबाई, बहिणाबाई असा 'बाई' सर्वत्र रुळला. आदिलाबादच्या गोंड स्त्रियांच्या नावांतही तो मुरला आहे. महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या गुहेत जिची यात्रा भरते ती देवी जंगूबाई, आणि तेच नाव गोंड घरांतून लेकींनाही दिले जाते. तेलुगूत या जागी 'अम्मा', 'अक्का', 'अव्वा' येतात. म्हणून एकाच गावात लक्ष्मीबाई आणि लक्ष्मम्मा एका विहिरीवर पाणी भरत आल्या. शहरी मराठीने 'बाई' टाकून दिली, त्याला आता शंभर वर्षे होत आली असतील. नाटक-सिनेमाने नवी, प्रत्ययाविना नटलेली नावे आणली. लता मंगेशकर यांचे पाळण्यातले नाव हेमा. गडकऱ्यांच्या 'भावबंधन' नाटकातील लतिकेवरून ती लता झाली. रंगभूमीवरून घरात उतरलेल्या अशा नावांची एक लाट नागपूर-यवतमाळमार्गे इकडेही आली, पण उशिरा आणि पातळ होऊन.

1956 च्या शरद ऋतूत मात्र अठरा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या आणि दोहोंनी येथील मुलींच्या नावांवर ठसा उमटवला. 14 ऑक्टोबरला नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याची वाटणी झाली. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा तालुके मुंबई राज्यात गेले, आणि तलमडुगुसकट उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात. पहिल्या घटनेने सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा, महामाया, उत्पला, प्रज्ञा, करुणा ही नावे वस्त्यावस्त्यांत आणली. ज्यांच्यासाठी मनूने तुच्छ नाव नेमून दिले होते, त्यांनी पाली-संस्कृत वाङ्मयातील नितळ नावे आपल्या मुलींसाठी निवडली. मराठी समाजात अभिजात नावांचा इतका विचारपूर्वक, इतक्या मोठ्या प्रमाणावर झालेला स्वीकार दुसरा आम्हांस आठवत नाही, आणि या विषयावरच्या लेखनात त्याचा उल्लेख क्वचितच असतो याचा खेद वाटतो. तपस्वी गौतमाला खीर देणारी सुजाता ही गावकरी मुलगी होती. खेड्यातल्या मुलीला ते नाव शोभावे यात नवल नाही.

दुसऱ्या घटनेने काय केले, ते त्याच सुजातेच्या उदाहरणाने सांगतो. येथे थोडे व्याकरण आवश्यक आहे. वाचकांनी कंटाळू नये.

संस्कृतातले आकारान्त स्त्रीलिंगी शब्द तेलुगू आपलेसे करते तेव्हा त्यांचा अंत्य स्वर ऱ्हस्व होतो. सीता, रमा, लता, रेणुका, अनसूया, सुजाता या तेलुगू लिपीत शेवटी ऱ्हस्व 'अ' घेऊन लिहिल्या जातात. लक्ष्मी, पार्वती, सावित्री या ऱ्हस्व 'इ' घेतात. यात चूक काहीच नाही. तेलुगूत शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व स्वर पूर्ण उच्चारला जातो. नाव मोडत नाही, फक्त थोडे आखडते. मराठीची रीत उलट आहे. आपण अंत्य 'अ' बोलताना गिळतो, आणि अंत्य इकार-उकार लिहिताना दीर्घ करतो. म्हणून तेलुगू दाखल्यावरची 'सुजात' कोणी अक्षरशः देवनागरीत उतरवली की मराठी वाचक तिचा शेवट गिळून वाचतो, आणि मराठीत सुजात हे मुलाचे नाव आहे. सुनीता 'सुनीत' झाली की ती चौदा ओळींची कविता होते. लता 'लत' झाली की व्यसन. मनू आणि पारस्कर ज्या शेवटच्या दीर्घ स्वरासाठी अडून बसले होते, तो सीमेवर गळून पडतो. आणि त्याच्याबरोबर कधी कधी लिंगही.

याच नियमाची दुसरी, आनंदाची बाजूही आहे. तेलुगूत अंत्य स्वरावरून लिंग ठरत नसल्याने काव्य, स्वप्न, सौजन्य, श्राव्य यांसारखा कोणताही गोड संस्कृत शब्द जशाचा तसा मुलीचे नाव होऊ शकतो. मराठीत हे शब्द नपुंसकलिंगी किंवा विशेषणे. आपल्या पणज्यांना ते मुलीला शोभले नसते. तेलुगू वर्गमैत्रिणींकडून ते आमच्या घरांत आले आणि देवनागरीत काव्या, स्वप्ना, सौजन्या असे दीर्घ स्वर लेवून बसले. देशभर पसरलेल्या काव्या या नावाच्या लोकप्रियतेत दक्षिणेतील या सोयीचा वाटा असावा, असे आम्हांस वाटते. ही नावे परकी म्हणून नाकारण्याचे कारण नाही. देवाणघेवाणीतून आलेले चालते. नकळत गळालेले चालू नये, एवढेच म्हणणे आहे.

इंग्रजी अक्षरांतून जाताना आणखी एक फेरा पडतो. तेलुगू रीतीत 'टी' हे अक्षर 'ट'साठी राखलेले आणि 'त'साठी 'टी-एच'. हिशेब चोख आहे, मराठी रीतीपेक्षा चोखच. आपण 'त' आणि 'ट' दोघांनाही एकाच 'टी'त कोंबतो. पण आदिलाबादला दहावी झालेली सुजाता पुढे किनवटला किंवा नांदेडला शिकायला गेली, की तिच्या दाखल्यावरची इंग्रजी अक्षरे तेथे मराठी रीतीने वाचली जातात आणि देवनागरीत 'सुजाथा' उमटते. प्रज्ञा व ज्ञानेश्वरी यांची दशा निराळी. आपण 'ज्ञ'ला 'द्न्य' म्हणतो, हिंदी 'ग्य' म्हणते, तेलुगू इंग्रजीत उतरवताना 'ग्न' लिहिते. एकाच मुलीची तीन कागदांवर तीन स्पेलिंगे होतात, आणि शिष्यवृत्ती, बँक खाते किंवा नोकरीच्या वेळी ती तीन वेगळ्या मुली ठरते. 'ळ' मात्र वाचतो, कारण तेलुगूतही तो आहे. निर्मळा, प्रेमळा या नावांना सीमेवर कसलाच धोका नाही; त्या हिंदीच्या मुलखात जातात तेव्हाच त्यांचा 'ळ' हरवतो.

नावाच्या क्रमाचेही असेच. मराठी नाव स्वतःपासून सुरू होऊन बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावावरून आडनावाकडे जाते. तेलुगूत 'इंटिपेरु', म्हणजे घराचे नाव, आधी. आणि तेही बहुधा एका आद्याक्षरापुरते. किनवटची सुजाता जाधव तलमडुगुत 'जे. सुजात' होते. दोन्ही रीती आपापल्या जागी सुसंगत आहेत. अडचण येते ती एकीची चौकट दुसरीच्या नावाला लावली की: आडनावाच्या जागी नाव जाते, नावाच्या जागी बाप.

यावर उपाय मोठा नाही. जन्मनोंदणीच्या 1969 च्या कायद्याखालील नियमांनुसार नोंद झाल्यावर बारा महिन्यांच्या आत मुलाचे नाव शुल्काविना नोंदवहीत घालता येते. म्हणजे बारसे बाराव्या दिवशी झाले काय किंवा तेलुगू शेजाऱ्यांची बारसाला एकविसाव्या दिवशी झाली काय, विचार करायला वेळ भरपूर आहे. त्या वेळात नाव आधी देवनागरीत, मग तेलुगूत, मग इंग्रजीत स्वतःच्या हाताने लिहून पाहावे. तिन्ही कागद मोठ्याने वाचावेत, आणि वाचणारा शक्यतो वेगळ्या भाषेचा असावा. इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरले की अंगणवाडीपासून दहावीपर्यंत तेच चालवावे. मराठी माध्यमाच्या शाळा या जिल्ह्यात अजून आहेत. तेथील गुरुजींना हजेरीपटावर नाव देवनागरीत कसे लिहायचे हे पालकांनी पहिल्याच दिवशी सांगावे. अंत्य दीर्घ स्वर टिकणारी, दोन्ही भाषांत ओळखीची नावे हवी असतील तर ती आजीच्याच पिढीत आहेत. 'रेणुका'ला 'टी-एच' लागत नाही. 'सावित्री'ला दोन्ही भाषांत चेहरा आहे. 'गोदावरी' दोघींची नदी आहे, आणि तिचा शेवट ऱ्हस्व लिहा की दीर्घ, ती गोदावरीच वाचली जाते. अर्थात आमची ही शिफारस नव्हे. नाव ठेवण्याचा मान आत्याचा.

आणखी एका बदलाची नोंद करून थांबतो. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्राने सरकारी कागदपत्रांवर नवा क्रम लावला आहे: मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव. वर्तमानपत्रांनी याला क्रांतिकारक म्हटले. सातवाहनांना नवल वाटले नसते. त्यांच्याकडे राजेच गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवीत. त्या आईंच्या नावांनी आज नाणी ओळखली जातात. आता तलमडुगुच्या एका लेकीने माहेरी, आदिलाबादच्या दवाखान्यात, मुलीला जन्म दिला आणि किनवटला दिलेल्या तिच्या धाकट्या बहिणीने त्याच महिन्यात तिकडे दुसरीला, तर दोघींची नावे आत्यांनी सारख्याच मायेने ठेवली असली, तरी किनवटच्या मुलीच्या नावात तिची आई असेल. इकडच्या मुलीच्या नावाआधी घराचे एक आद्याक्षर असेल, आणि शेवटचा स्वर दीर्घ आहे की नाही हे लिहिणाऱ्या कारकुनाच्या लिपीवर अवलंबून असेल.